एकच वाटी : पुस्तके आणि रोजचे जगणे



वाचनावर बोलायला उभे राहिले की एक सोय आपोआप होते. सभागृहात कुणी विरोधक नसतो. पुस्तके माणूस घडवतात, पुस्तकांसारखा मित्र नाही, वाचाल तर वाचाल, या विधानांवर हरकत घ्यायला कोण उठणार? पण ज्या विधानावर कुणीच हरकत घेत नाही ते बहुधा कुणी तपासलेलेही नसते. ग्रंथालयासाठी आयुष्य वेचलेल्या एका माणसाच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत. त्या स्मृतीला टाळ्यांच्या वाक्यांपेक्षा तपासणी जास्त शोभेल, असे मला वाटते. म्हणून आजचा प्रश्न साधा ठेवतो. वाचलेले पुस्तक रोजच्या जगण्याला जोडले जाते म्हणजे नेमके काय होते? ‘या पुस्तकाने माझे आयुष्य बदलले’ असे आपण सहज म्हणतो, पण त्या वाक्यात सगळे काम पुस्तक करते आणि वाचक नुसता बदलला जातो. पुस्तकाचा प्रभाव मोजण्याची आपल्याला सवय आहे. पुस्तकाचा वापर कसा होतो याकडे आपण क्वचितच पाहतो. मला वापराबद्दल बोलायचे आहे, आणि त्यासाठी सुरुवात जिथे पुस्तक सर्वांत जास्त वापरले जाते त्या जागेपासून, म्हणजे स्वयंपाकघरापासून करणार आहे.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आले आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. साहित्याच्या इतिहासात या पुस्तकांना क्वचितच ओळ मिळते, पण पुस्तक आणि जगणे यांचा सांधा पाहायचा तर यांच्याइतका उघडा नमुना दुसरा नाही. मराठी पाककृतीत माप लिहिले जाते ते वाटीचे. आता वाटी म्हणजे किती? कुणाकडे आमटीची खोलगट, कुणाकडे मुंजीत आलेली लहानशी, कुणाकडे आजेसासूच्या वेळची पितळी. सरकारच्या वजनमापाच्या हिशेबात या मापाला काही अर्थ नाही. तरीही पदार्थ जमतो, कारण पिठी आणि पाणी दोन्ही एकाच वाटीने मोजले जातात. मोदकाच्या उकडीसाठी एक वाटी पिठीला एक वाटी पाणी म्हटले की वाटी लहान असो वा मोठी, उकड साधते. त्याउपरही काही काम हातावर सोपवलेले असते. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडे जास्त लागते, नवा असेल तर कमी पुरते. यंदाचा तांदूळ कसा आहे हे पुस्तकाला ठाऊक नसते, ते करणारीला ठाऊक असते. म्हणजे पुस्तकाने दिले ते एकाचे दुसऱ्याशी नाते. भांडे घरचे, तांदूळ या वर्षीचा आणि अंदाज हाताचा. रोज वापरात असलेल्या अशा प्रतीच्या समासात पेन्सिलीने ‘तिखट निम्मे’ किंवा ‘गूळ वाढवला’ असे लिहिलेले आढळते. ही पुस्तकाची अवज्ञा नाही. पुस्तक घरात राहायला आल्याची ती खूण आहे.

मराठीत या नात्याला आपण प्रमाण म्हणतो. पिठाचे आणि पाण्याचे प्रमाण. पण हाच शब्द आपल्या भाषेत दुसरेही एक काम करतो. ‘शास्त्रात आहे, म्हणून प्रमाण’ असे म्हणताना प्रमाण म्हणजे अधिकार, शेवटचा शब्द. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या सुधारकांनी ज्याच्याशी झुंज घेतली ते ग्रंथप्रामाण्य या अधिकाराच्या अर्थातून आलेले. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ म्हणजे पुस्तक जगण्यात येण्याच्या दोन वाटा आहेत, असे माझे म्हणणे आहे. पहिल्या वाटेने पुस्तक अधिकार म्हणून येते. ते काय करावे हे सांगते आणि आपण मान तुकवतो, किंवा मान तुकवल्याचे दाखवतो. दुसऱ्या वाटेने ते गुणोत्तर म्हणून येते. कशाला किती वजन द्यायचे, एका गोष्टीचे दुसरीशी नाते काय, हे ते दाखवते आणि आपल्या भांड्यात मोजून पाहण्याचे काम आपल्यावर टाकते. वाचन जगण्याला जोडायचे म्हणजे पुस्तकाला पहिल्या अर्थाच्या प्रमाणातून काढून दुसऱ्या अर्थाच्या प्रमाणात आणायचे. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच आहे. तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी पुरावा मात्र स्वयंपाकघराच्या बाहेर शोधावा लागेल.

पहिला पुरावा थोडा अडचणीचा आहे, कारण तो न वाचलेल्या पुस्तकाचा आहे. पुस्तके आणि जगणे यांच्यात दरी पडली आहे, ती बुजवली पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. पण काही पुस्तके रोजच्या जगण्यात इतकी मुरलेली असतात की ती कुणी उघडावीही लागत नाहीत. महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे कागदावर मान्य केले. तरी तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना डॉ. आंबेडकरांच्या मागे चालत जावे लागले, आणि त्यानंतर त्यांना मार खावा लागला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. ज्यांनी त्या दिवशी लाठ्या उगारल्या त्यांच्यातल्या किती जणांनी मनुस्मृती वाचली असेल? संस्कृत येणारे मोजके असतील, पोथी घरात असणारे त्याहून मोजके. तरीही ते पुस्तक त्यांच्या हातात, पायात, पाण्याच्या कळशीत होते. १९२७ च्याच २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दहनाकडे पुस्तकद्वेष म्हणून पाहणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही की पुस्तक जगण्यात किती खोल बसलेले असते याची इतकी अचूक जाणीव क्वचितच कुणी दाखवली असेल. विधिमंडळाचा ठराव लिहिलेला होता, वाचलेला होता, पण जगण्यात नव्हता. स्मृती न वाचलेली होती आणि जगण्यात होती. तेव्हा पुस्तके जगण्याला जोडावीत की नाही, हा प्रश्नच उरत नाही; ती जोडलेलीच असतात. प्रश्न असतो तो कोणती, आणि आपल्या नजरेखालून गेलेली की न गेलेली, हा.

आता दुसऱ्या वाटेचा पुरावा पाहू. १८४७ च्या सुमारास पुण्यात वीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले. ते पुस्तक १७९१-९२ मधले. त्याचा विषय फ्रान्सची क्रांती, इंग्लंडचा राजा, वंशपरंपरेने चालणारी सत्ता. पुण्यातल्या माळी कुटुंबातल्या तरुणाच्या जगण्याशी यातले काय जुळत होते? शब्दशः पाहिले तर काहीच नाही. तो तरुण पेनला प्रामाण्य म्हणून वाचता, तर राजेशाहीविरुद्ध एखादे जाज्वल्य भाषण करून मोकळा झाला असता. त्याने केले ते वेगळेच. १८४८ मध्ये भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटजीशिवाय लग्ने लागू लागली. पेनच्या पुस्तकात मुलींची शाळा नाही, हौद नाही, लग्नातला पुरोहितही नाही. पण जन्माने मिळालेली सत्ता आणि माणूस म्हणून मिळालेला हक्क यांचे जे नाते तिथे मांडले आहे, ते जोतीरावांनी आपल्या गल्लीतल्या भांड्यात मोजले. तिथल्या राजाच्या जागी इथे कोण बसतो, तिथल्या प्रजेच्या जागी इथे कोण उभे आहे, हा हिशेब पुस्तकाने करून दिला नव्हता. तो वाचकाने केला. हौद खुला करणे हे पेनचे भाषांतर होते म्हटले तर ते मला अतिशयोक्तीचे वाटणार नाही. फक्त ते भाषांतर शब्दांत केलेले नव्हते.

तिसरा पुरावा जास्त लांब पल्ल्याचा आहे. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला. सत्काराचे अध्यक्ष होते बोले, ज्यांच्या पुढच्या काळातल्या ठरावाचा उल्लेख आत्ता केला तेच. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्या मुलाला स्वतः लिहिलेले, १८९८ सालचे बुद्धचरित्र भेट दिले. नागपूरचे धम्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ चे. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली. पुस्तकाने आयुष्य बदलले असे म्हणणाऱ्याला या पन्नास वर्षांचा हिशेब द्यावा लागेल. या काळात ते पुस्तक स्वस्थ बसले नव्हते आणि वाचकही नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी सांगितले आहे की वडील घरात रामायण-महाभारत वाचायला लावत तेव्हाही त्यातल्या थोर पात्रांचे वागणे त्यांना पटत नसे आणि ते वडिलांना तसे बोलून दाखवत. म्हणजे केळूसकरांचे पुस्तक हाती आले ते मुळातच प्रश्न विचारणाऱ्या वाचकाच्या. आणि बुद्धाकडे वळल्यावरही ही सवय सुटली नाही. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरेची कथा त्यांनी मान्य केली नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टी एकोणतीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदाच कशा दिसतील, ही त्यांची शंका अगदी व्यवहारातली होती. त्यांच्या ग्रंथात गृहत्यागाचे कारण आहे शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी हेही असेच वाचक. ‘बालबोध’ मासिकातले बुद्धाचे चरित्र वाचून त्यांचा ओढा सुरू झाला, घर सोडून ते नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेले, आणि शाक्य-कोलियांच्या संघर्षाकडे त्यांनीही लक्ष वेधले होते. पण ज्याने चवदार तळ्याची दहा वर्षे कोर्टात घातली त्याने बुद्धाच्या आयुष्याच्या कळीच्या जागी पाण्याचा तंटा ठेवावा, याला योगायोग म्हणणे मला जड जाते. पुस्तकाने जगण्याला अर्थ दिला हे अर्धे सत्य. जगण्याने पुस्तकाला अर्थ दिला, हे दुसरे अर्धे.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. फुले, आंबेडकर, कोसंबी ही असामान्य माणसे. ज्याला सकाळची सव्वाआठची लोकल पकडायची आहे, मुलांचे डबे भरायचे आहेत, त्याने काय करायचे? या आक्षेपाचे उत्तर धुळ्याच्या तुरुंगात सापडते. १९३२ साली विनोबांनी तिथल्या बंदिवानांसमोर गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारांत अठरा अध्याय; साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आज आपल्याला वाचता येतात. त्या प्रवचनांच्या आशयाइतकेच मला त्यांच्या वेळापत्रकाचे महत्त्व वाटते. दोन अध्यायांच्या मध्ये सहा दिवस आहेत, आणि ते सहा दिवस कैद्याचे आहेत. ठरलेले काम, मोजकी भाकरी, बराकीतली भांडणे, घरून न आलेले पत्र. कर्म आणि फळ यांचे नाते रविवारी ऐकायचे आणि सोमवारी कामाच्या रांगेत त्याची परीक्षा द्यायची. पुस्तक जगण्यात उतरायला प्रतिभा लागत नाही, मधली मोकळी जागा लागते. सलग वाचून संपवलेल्या पुस्तकाला ही जागा मिळत नाही. वर्षाला शंभर पुस्तके वाचल्याचा हिशेब ठेवणाऱ्याने या मधल्या दिवसांचा हिशेबही ठेवून पाहावा. आणि अक्षरओळख ही तरी अट आहे का? आपल्याकडे ज्ञानेश्वरी शके १२१२ पासून प्रामुख्याने ऐकली गेली. कीर्तनाला बसलेल्या ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हते तिला दृष्टांत मात्र जात्यावर, चुलीवर आठवत होता. वाचन म्हणजे डोळ्यांनी केलेली क्रिया, असा कोता अर्थ आपल्या परंपरेने कधी लावलाच नाही.

पण परंपरेचे नाव घेतल्याबरोबर दुसरा आक्षेप तिच्याच पोटातून निघतो आणि तो पहिल्याहून कडक आहे. इतके ऐकले, इतकी पारायणे केली, मग झाले काय? चोखोबांचे अभंग शतकानुशतके पंढरीच्या वाटेवर गायले गेले आणि चोखोबांची समाधी राहिली महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. त्यांचे शब्द मंदिरात जात होते, त्यांच्या जातीची माणसे जात नव्हती. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली पुस्तकरूपाने आली. बेचाळीस रात्रींचे ते पुस्तक घराघरात मोठ्याने वाचले गेले, वाचणारे रडले, ऐकणारेही रडले. तरी पंढरपूरचे दार दलितांना उघडावे म्हणून त्याच लेखकाला आधी महाराष्ट्रभर फिरावे लागले आणि १ मे १९४७ पासून दहा दिवस प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. डोळ्यांतल्या पाण्याने दार उघडले असते तर ते बारा वर्षांपूर्वीच उघडले असते. हा आक्षेप मी टाळत नाही, उलट माझ्या बाजूला घेतो. पाठांतर, पारायण, गहिवर यांनी पुस्तक तोंडात राहते, घशाशी येते. हाताला लागतेच असे नाही. त्याच्या अलीकडे एक पायरी आहे, ती वाचकालाच चढावी लागते. चोखोबांचा अभंग गाणाऱ्याने पुस्तकातला भक्त आणि आपल्या गावच्या वेशीबाहेरचा माणूस एकाच मापाने मोजला असता तर दार कधीच उघडले असते. त्याने अभंग मोजला एका वाटीने आणि शेजारी दुसऱ्या.

यावर तिसरा आक्षेप घेतील ते साहित्याचे रसिक. हे सगळे ठीक आहे, ते म्हणतील, पण तुम्ही पुस्तकाला कामाला लावले. कादंबरी काय शाळा उघडण्यासाठी वाचायची? कविता वाचून कोणता हौद खुला करायचा? मराठीत हा वाद जुना आहे. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत होते, वि. स. खांडेकर जीवनासाठी कला म्हणत होते, आणि दोन पिढ्यांनी त्यात आपली बाजू निवडली. मागे वळून पाहताना मला त्या वादातली एक उणीव जाणवते. दोन्ही पक्ष लेखकाने काय करावे हे सांगत होते. वाचकाने काय करावे हे फारसे कुणी विचारलेच नाही. लेखकाने निव्वळ कलेसाठी लिहिलेली गोष्टही वाचकाच्या जगण्यात शिरू शकते, आणि जीवनासाठी म्हणून लिहिलेली बोधकथा पाठ्यपुस्तकातच संपू शकते. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ पाहा. धनगरांच्या वस्तीवर एक पोरगेला मास्तर येतो, वस्ती त्याला हळूहळू आपला म्हणते, तालीम उभी राहते, मग दुष्काळ पडतो आणि वस्ती रिकामी होते. यातून बोध काय घ्यायचा? काही नाही. पण परक्याला आपले म्हणायला एका गावाला किती दिवस लागतात, आणि उभे केलेले सारे ओसाड व्हायला किती कमी दिवस लागतात, याचे प्रमाण त्या लहानशा पुस्तकात आहे. ते ज्याच्या अंगी मुरले तो बदलीच्या गावी गेलेल्या शिक्षकाबद्दल, किंवा ऊसतोडीला गेलेल्या गावाच्या बंद दारांबद्दल, पूर्वीच्याच सहजतेने बोलू शकणार नाही. ललित साहित्य कृती सांगत नाही, लक्ष कुठे किती द्यायचे ते सांगते. रसिकाचा आनंद यात कमी होत नाही. उकड जमली तर मोदकाची चव बिघडते, असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

चौथा आक्षेप सर्वांत अवघड आहे. प्रत्येकाने आपापल्या वाटीने मोजायचे म्हटले तर ज्याने त्याने हवा तो अर्थ काढावा का? मग पुस्तक राहिले कुठे? धर्मग्रंथातून द्वेष काढणारेही आपल्याच वाटीने मोजत असतात, इतिहासातून सूड काढणारेही. इथे स्वयंपाकघरातला तो नियम पुन्हा आठवावा. वाटी कोणतीही चालते, पण दोन्ही जिन्नस त्याच वाटीने मोजावे लागतात. पिठीला मोठी वाटी आणि पाण्याला लहान घेतली की उकड बिघडते, आणि दोष पुस्तकाला देता येत नाही. वाचकाचे स्वातंत्र्य भांडे निवडण्याचे आहे, भांडी बदलत राहण्याचे नाही. हक्कांवरचे पुस्तक वाचून स्वतःच्या हक्काला मोठे माप आणि दुसऱ्याच्या हक्काला लहान माप लावणारा वाचक स्वतंत्र अर्थ लावत नसतो, पाककृती मोडत असतो. ज्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी पेनने लेखणी चालवली त्याच देशात त्यानंतर कित्येक दशके गुलामगिरी चालू राहिली. तिथल्या अनेकांनी हक्क वाचले ते दोन वाट्यांनी. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. समुद्रापलीकडचा गुलाम आणि पुण्यातला शूद्रातिशूद्र एका मापात घालण्याची ती रीत होती. प्रामाणिक वाचन आणि सोयीचे वाचन यांच्यातला फरक ओळखायला मला याहून सोपी कसोटी माहीत नाही. अर्थात या कसोटीला उतरलेला वाचक सज्जन होईलच, असा माझा दावा नाही. भरपूर वाचलेली क्रूर माणसे इतिहासात आहेत आणि एक ओळ न वाचलेली उदार माणसे प्रत्येक गावात आहेत. वाचनाने चांगुलपणाची हमी मिळत नाही. आपण दोन वाट्या वापरत आहोत हे आपल्याच लक्षात आणून देण्याची एक सोय तेवढी मिळते, आणि ती घ्यायची की नाही हे आपल्या हाती राहते.

आता आजच्या ग्रंथालयात येऊ. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही वाचनालयात संध्याकाळी गेलात तर कादंबऱ्यांच्या कपाटापाशी दोन-चार सेवानिवृत्त मंडळी दिसतात आणि शेजारच्या अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नसते. स्पर्धा परीक्षांची मुले-मुली तिथे रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. याला वाचन म्हणायचे का, म्हणून काही ग्रंथप्रेमी नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. ज्या मुलीच्या घरातली पहिली सरकारी नोकरी त्या पुस्तकावर अवलंबून आहे तिच्याइतके पुस्तक कुणाच्या जगण्याला जोडलेले असणार? ती भारताचे संविधान वाचते. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड तिला पाठ असतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरापासून रोखता येणार नाही, असा त्याचा आशय. महाडच्या तळ्याचे पाणी २६ जानेवारी १९५० ला या खंडात येऊन पोहोचले आणि आता चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखा, या प्रश्नात उभे आहे. ती तो अचूक ओळखेल आणि तिने ओळखावाच. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. अभ्यासिकेतून उठून ती घरी जाते तेव्हा गावातल्या पाण्याच्या टाकीवर, सार्वजनिक नळावर, लग्नातल्या पंगतीत पाणी कोण वाढते आणि कुणाला वरून ओतून दिले जाते, हे तिने त्या खंडाशेजारी ठेवून पाहिले तर पुस्तक दुसऱ्या अर्थाने प्रमाण झाले. परीक्षेत हा प्रश्न येत नाही. ग्रंथालयाने मात्र तो विचारायला हरकत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अनुदान, वर्ग, पुस्तकसंख्या यांचे तक्ते आपण भरतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, एकच प्रकरण, आणि वेगवेगळ्या वस्तीतली दहा माणसे, एवढे जमवायला तक्त्यात रकाना नाही म्हणून कुणी अडवलेले नाही. वेगवेगळ्या वस्तीतली, हे मी मुद्दाम म्हणतो. आपली वाटी केवढी आहे हे दुसऱ्याची पाहिल्याशिवाय कळत नाही.

श्रोतेहो, समारोपाला मला तुमच्या-माझ्या घरातल्या एका वस्तूकडे लक्ष वेधायचे आहे. आपल्या सुशिक्षित घरांत दिवाणखान्यात पुस्तकांचे कपाट असते. त्यात आज ज्यांची नावे घेतली त्यांतली बरीच पुस्तके असतात, काहींवर तर लेखकाची किंवा भेट देणाऱ्याची सही असते. त्याच घरात मोरीपाशी, किंवा ओट्याच्या टोकाला, एक कप वेगळा ठेवलेला असतो. थोडा टवका उडालेला, बहुधा संचातला उरलेला. कामाला येणाऱ्या बाईंना चहा त्या कपातून दिला जातो. तो वेगळा ठेवा असे घरात कुणी कधी सांगितलेले नसते, कुठे लिहिलेले नसते, विचारले तर ‘तशी सवयच आहे’ एवढेच उत्तर येते. दिवाणखान्यातले कपाट आपण वाचलेल्या पुस्तकांचे आहे. तो कप मात्र न वाचलेल्या एका पुस्तकातला आहे आणि त्या घरात तोच रोज वापरला जातो. वाचलेली पुस्तके जगण्याला कशी जोडायची, असे विचारत आपण इथवर आलो. उद्या सकाळी चहा गाळताना तो कप हातात येईल. तो कोणत्या फळीवर ठेवायचा, एवढे ठरवून पाहू या.